आवड, कौशल्य आणि रोजचे काम : करिअरची दिशा कशी तपासावी

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता याव्यात :

• शाखा, पद आणि प्रत्यक्ष काम यांतील फरक सांगणे.
• स्वतःच्या आवडीचे आणि कौशल्याचे पुरावे गोळा करणे.
• एखाद्या कामाची खात्रीशीर माहिती मिळवणे.
• कमी खर्चात आणि कमी वेळात ते काम करून पाहणे.
• पैसा, घर आणि वेळ यांच्या मर्यादा धरून निर्णय घेणे.

१. प्रस्तावना

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा : "आमच्या ब्रँचला स्कोप आहे का?" प्रश्न साहजिक आहे. बारावीनंतर सतराव्या-अठराव्या वर्षी शाखा ठरते ती प्रवेशपरीक्षेतील क्रमांक, कट-ऑफ, फी आणि घरापासूनचे अंतर यांवरून. आवडीचा विचार करायला त्या वेळी सवड नसते आणि माहितीही नसते. पदवीचा निम्मा काळ संपला की प्लेसमेंट, गेट, परदेशी शिक्षण, स्पर्धा परीक्षा असे सगळे विषय एकदम अंगावर येतात. मग जो मार्ग मित्र धरतात तोच आपणही धरतो.

"स्कोप आहे का" या प्रश्नाची अडचण अशी की त्याचे एकच एक उत्तर नसते. एकाच शाखेतून बाहेर पडलेले दोन पदवीधर पाच वर्षांनी इतकी वेगळी कामे करत असतात, की त्यांच्या दिवसात सारखे फारसे काही उरत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा : "या कामात माणूस दिवसाचे आठ-नऊ तास नेमके काय करतो? ते मला जमेल का? आणि ते मी वर्षानुवर्षे करू शकेन का?"

या प्रश्नाचे उत्तर नुसता विचार करून मिळत नाही. कामाचा एक छोटा तुकडा स्वतः करून पाहिला की ते मिळू लागते. हे करून पाहणे कसे करावे, हे या पाठात सांगितले आहे. उदाहरणे अभियांत्रिकीची आहेत, पण रीत विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांनाही लागू पडते.

२. करिअर निवडीचे तीन भाग

व्यवसाय-मार्गदर्शनाची सुरुवात साधारणपणे फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानली जाते. त्यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र सुरू केले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. पार्सन्स यांनी निवडीचे तीन भाग सांगितले : स्वतःची नीट ओळख, कामांची नीट माहिती आणि या दोहोंचा मेळ घालणारा विचार.

शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी हे तीन भाग आजही उपयोगी आहेत. आपल्याकडे घोटाळा होतो तो असा : पहिल्या भागासाठी एखादी ऑनलाइन चाचणी दिली जाते, दुसरा भाग ऐकीव माहितीवर सोडला जातो आणि तिसरा भाग नातेवाईक पार पाडतात. आपण तिन्ही भाग क्रमाने पाहू.

३. आवड म्हणजे काय?

"मला कोडिंग आवडते", "मला गाड्या आवडतात" अशा वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

अ) विषयाची आवड : गाड्यांबद्दल वाचणे, व्हिडिओ पाहणे, नव्या मॉडेलची माहिती ठेवणे.
आ) कामाची आवड : गाडीच्या एका ब्रॅकेटचे ड्रॉइंग दहाव्यांदा दुरुस्त करताना कंटाळा न येणे.
इ) प्रतिष्ठेची आवड : "मी अमुक कंपनीत आहे" असे सांगताना बरे वाटणे.

तिन्ही खऱ्या आहेत आणि कोणतीही लाजिरवाणी नाही. पण नोकरीत रोज वाट्याला येते ती दुसरी. क्रिकेट पाहायला आवडणे आणि उन्हात चार तास नेटमध्ये गोलंदाजी करायला आवडणे यांत जितके अंतर आहे, तितकेच इथेही असते.

कामाची आवड ओळखण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी उपयोगी पडते. १९५९ पासून त्यांनी ती विकसित केली. त्यांच्या मते लोकांच्या व्यावसायिक आवडींचे आणि कामांच्या वातावरणाचे सहा प्रकार करता येतात. हे सहा प्रकार कॉलेजच्या रोबोटिक्स किंवा गो-कार्ट संघाच्या उदाहरणावरून सहज समजतात. संघातील प्रत्येक जण "मला रोबोटिक्स आवडते" असेच म्हणतो. पण रात्री अकरा वाजता वर्कशॉपमध्ये कोण काय करत आहे ते पाहा.

१. प्रत्यक्ष कामाचा : वेल्डिंग, जोडणी, वायरिंग करणारा. हात काळे झाले तरी त्याला चालते.
२. शोधक : मोटर का तापते याचे गणित मांडणारा. रोबो उशिरा तयार झाला तरी चालेल, पण कारण कळले पाहिजे.
३. कलात्मक : बाहेरचा आकार, पोस्टर, व्हिडिओ यांत रमणारा.
४. सामाजिक : पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवणारा, भांडणे मिटवणारा.
५. उद्यमी : प्रायोजक मिळवणारा, परीक्षकांसमोर सादरीकरण करणारा.
६. व्यवस्थित नोंदींचा : बिले, सुट्या भागांची यादी, स्पर्धेचे नियमपुस्तक सांभाळणारा.

बहुतेकांमध्ये दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते. तुम्ही संघात, गॅदरिंगमध्ये किंवा एनएसएसच्या शिबिरात कोणीही न सांगता कोणते काम अंगावर घेता, हा तुमच्या आवडीचा चांगला पुरावा आहे. चाचणीतील गुण हे केवळ सूचक समजावेत. चाचणीत आपण स्वतःबद्दल काय मानतो ते उमटते. प्रत्यक्षात आपण काय करतो, हे वेगळे तपासावे लागते.

४. आवड आधी की काम आधी?

"आधी आवड शोधा, मग काम आपोआप सापडेल" हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. तो अर्धवट आहे. अनेकदा काम हाती येते, ते जमू लागते, त्याचा कोणाला तरी उपयोग होतो आणि मग आवड निर्माण होते.

वर्गीस कुरियन यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांनी मद्रासच्या लोयोला कॉलेजातून भौतिकशास्त्र आणि गिंडीच्या कॉलेजातून यंत्र अभियांत्रिकी केले. डेअरी अभियांत्रिकीसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, पण तिथे त्यांचा कल यंत्र अभियांत्रिकी आणि धातुशास्त्राकडेच राहिला. शिष्यवृत्तीच्या करारामुळे १९४९ मध्ये त्यांना गुजरातमधील आणंद येथे सरकारी क्रीमरीत नोकरी करावी लागली. तिथून लवकर सुटका व्हावी अशीच त्यांची इच्छा होती. त्याच गावात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहत होती आणि तिला यंत्रे समजणाऱ्या माणसाची गरज होती. कुरियन मदतीसाठी थांबले. १९५५ मध्ये तेथे म्हशीच्या दुधापासून पावडर तयार करण्यात यश आले. त्यात हरिचंद दलाया यांचे तांत्रिक काम महत्त्वाचे होते. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, तेव्हा कुरियन त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

यावरून "मिळेल ते काम धरा, सगळे ठीक होईल" असा निष्कर्ष काढू नये. एका प्रसिद्ध माणसाच्या उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. पण एवढे नक्की कळते की आवड ही जन्मतः ठरलेली वस्तू नसते. जॉन क्रम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विचाराचे सारही असेच आहे : योगायोग आयुष्यात येतातच. त्यांचा उपयोग करून घेण्यासाठी कुतूहल, चिकाटी, लवचिकता, आशावाद आणि जोखीम घेण्याची तयारी हे गुण वाढवावेत.

म्हणून "मला अजून माझी पॅशन सापडली नाही" या कारणासाठी थांबून राहू नये. ज्याबद्दल थोडेसे कुतूहल आहे, अशा दोन-तीन कामांपासून सुरुवात करणे पुरेसे आहे.

५. कौशल्याचा पुरावा

कौशल्याबाबत विद्यार्थी दोन टोकांना जातात. काही जण गुण म्हणजेच कौशल्य समजतात, तर काही जण "गुणांना काही अर्थ नसतो" असे म्हणतात. लेखी परीक्षा ठरावीक अभ्यासक्रम, ठरावीक वेळ आणि माहीत असलेला नमुना यांत तुमची तयारी मोजते. नोकरीतील प्रश्न असे आखून येत नाहीत. दुसरीकडे, अनेक कंपन्या मुलाखतीआधी गुणांची किमान अट लावतात. ती पूर्ण केली नाही तर कौशल्य दाखवण्याची वेळच येत नाही. तेव्हा गुणांना दारापाशी लागणारे प्रवेशपत्र समजावे. आत गेल्यावर कौशल्यच लागते.

एखादे कौशल्य आपल्याकडे आहे असे म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

• या कौशल्यातून तयार झालेली एखादी वस्तू, प्रोग्राम, अहवाल किंवा ड्रॉइंग मी दाखवू शकतो का?
• ते माझ्याखेरीज दुसऱ्या कोणी वापरले का किंवा तपासले का?
• तेच काम वेगळ्या परिस्थितीत, मदत न घेता पुन्हा करता येईल का?

तिन्ही उत्तरे "हो" असतील तर कौशल्य आहे. पहिलेच उत्तर "नाही" असेल तर ती फक्त ओळख आहे. बायोडेटात "ऑटोकॅड, पायथॉन, मॅटलॅब" असे लिहिणाऱ्या अनेकांची मुलाखत "यात तुम्ही काय केले आहे?" या एका प्रश्नावर अडते, त्याचे कारण हेच.

आवड आणि कौशल्य एकत्र पाहिल्यास चार शक्यता दिसतात.

• आवड आहे, कौशल्यही आहे : येथे खोलात जावे. पुढचा प्रकल्प किंवा इंटर्नशिप याच दिशेची घ्यावी.
• आवड आहे, कौशल्य कमी आहे : किती तासांचा सराव लागेल याचा अंदाज घ्यावा आणि मुदत ठरवून शिकावे.
• कौशल्य आहे, आवड कमी आहे : हे पोट भरण्याचे साधन होऊ शकते. ते कमी लेखू नये. पहिल्या नोकरीसाठी याचाच उपयोग होतो.
• दोन्ही नाही : घरच्यांनी सुचवले किंवा मित्र करत आहेत एवढ्या कारणासाठी त्यात वर्षे घालवू नयेत.

६. कामाची माहिती : एकच शाखा, अनेक दिवस

आता पार्सन्स यांचा दुसरा भाग. चाकण, सानंद, मानेसर किंवा श्रीपेरुंबुदूर अशा औद्योगिक पट्ट्यातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथे एकाच वर्गातून बाहेर पडलेले मेकॅनिकलचे पदवीधर पुढील कामे करताना दिसतील.

डिझाइन : संगणकावर मॉडेल आणि ड्रॉइंग. एका मापातील बदल दहा ठिकाणी दुरुस्त करणे. टॉलरन्सचा हिशेब. दिवसाचा बराच भाग खुर्चीवर आणि बैठकांत जातो.

उत्पादन : शिफ्टचे लक्ष्य, गैरहजर ऑपरेटर, थांबलेली लाइन. दर तासाला आकडा विचारला जातो. माणसे हाताळण्याचे कौशल्य येथे सर्वांत जास्त लागते.

गुणवत्ता : मोजमाप, गेज, रिजेक्शनची कारणे, ग्राहकाच्या तक्रारीवर मूळ कारणाचा अहवाल. चिकाटी आणि नीट लेखन लागते. "नाही, हा माल जाणार नाही" असे सांगण्याचा ठामपणाही लागतो.

देखभाल : यंत्र बंद पडले की रात्री दोनलाही फोन. बिघाड शोधण्याचा आनंद ज्याला आहे तो येथे टिकतो.

खरेदी आणि पुरवठादार विकास : भाव, मुदत, पुरवठादाराच्या शेडमध्ये जाऊन पाहणी. वाटाघाट आणि प्रवास.

विक्री-अभियंता : ग्राहकाची अडचण ऐकून योग्य यंत्र किंवा भाग सुचवणे. तांत्रिक ज्ञान आणि बोलणे दोन्ही लागते.

कारखान्याबाहेरही वाटा आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाचा पदवीधर पेटंट कार्यालयाची परीक्षा देऊन नोंदणीकृत पेटंट एजंट होऊ शकतो. तांत्रिक लेखन, अध्यापन, संशोधन, गेटद्वारे काही सार्वजनिक उपक्रमांतील नोकऱ्या हेही मार्ग आहेत. हॉलंड यांचे सहा प्रकार या यादीला लावून पाहा. देखभालीत पहिला, डिझाइनच्या गणितात दुसरा, उत्पादनात चौथा आणि पाचवा, तर गुणवत्तेत दुसरा आणि सहावा प्रकार ठळक दिसेल. शाखा एक आणि स्वभाव मात्र वेगवेगळे.

ही माहिती मिळवण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला, सरकारी वर्गीकरण. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये सुमारे ३,६०० व्यवसायांची वर्णने आहेत. त्याच मंत्रालयाचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. क्षेत्र कौशल्य परिषदांनी तयार केलेल्या क्वालिफिकेशन पॅकमध्ये त्या-त्या भूमिकेत काय करता आले पाहिजे याची यादी असते.

दुसरा, जाहिराती. एकाच पदाच्या वीस जाहिराती वाचा आणि त्यांतील क्रियापदे वेगळी लिहून काढा : तपासणे, समन्वय साधणे, अहवाल देणे, प्रवास करणे. जे क्रियापद दहापेक्षा जास्त वेळा आले, ते त्या कामाचे खरे रूप.

तिसरा, माणसे. दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक आणि दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक असे दोन माजी विद्यार्थी गाठा. पहिल्याला सुरुवातीची कामे ताजी आठवतात, दुसऱ्याला पुढची वाट माहीत असते. "नोकरी कशी मिळेल?" असे लगेच विचारू नये. कालचा दिवस कसा गेला, कोणते काम टाळावेसे वाटते, नव्या माणसाला कशात सर्वांत जास्त अडचण येते, पगार पाच वर्षांत साधारण कसा बदलतो, हे काम सोडणारे का सोडतात, असे पाच प्रश्न पुरेत. वीस मिनिटांत बोलणे संपवावे आणि नंतर आभाराचा संदेश पाठवावा.

चौथा, प्रत्यक्ष भेट. औद्योगिक भेटीत यंत्रांइतकेच माणसांकडे पाहा. कोण उभे आहे, कोण फोनवर आहे, कोण एकटे काम करत आहे, कोण गटात आहे.

७. करून पाहणे

माहितीनंतर प्रयोग. सर्वांत स्वस्त प्रयोग आधी आणि महाग प्रयोग नंतर, हा नियम ठेवावा.

• दोन तास : त्या क्षेत्रातील एक खरा दस्तऐवज वाचणे, उदाहरणार्थ एखादे प्रसिद्ध झालेले पेटंट किंवा उत्पादनाचे तांत्रिक माहितीपत्रक.
• दोन दिवस : एक छोटे काम पूर्ण करणे.
• ४ ते १२ आठवडे : एनपीटीईएल किंवा स्वयमवरील अभ्यासक्रम. शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असते. मात्र नुसते व्हिडिओ पाहणे म्हणजे प्रयोग नव्हे. असाइनमेंट केल्या तरच तो धरावा.
• एक-दोन महिने : इंटर्नशिप. कंपनीचे नाव लहान असले तरी चालेल, हाताला काम मिळणे महत्त्वाचे.
• सुमारे एक वर्ष : पदवीनंतरची अप्रेंटिसशिप. अप्रेंटिस कायदा १९६१ खाली पदवीधरांनाही विद्यावेतनासह ती करता येते.

समजा, इलेक्ट्रिकलच्या एका विद्यार्थ्याला डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये जावेसे वाटते. महागडा कोर्स लावण्याआधी त्याने वसतिगृहाच्या वीजमीटरची महिनाभराची वाचने घ्यावीत. काही दिवसांची नोंद राहून गेलेली असेल, काही आकडे उलटसुलट असतील. ते सुधारावेत, आलेख काढावेत आणि "वीज कुठे वाया जाते" यावर एक पान लिहून रेक्टरांना समजावून सांगावे. या कामाचा बराचसा वेळ आकडे साफ करण्यात जाईल. प्रत्यक्ष नोकरीतही तसेच असते. ते करताना कंटाळा आला असेल तर ते आत्ताच कळलेले बरे. वेळ कसा गेला ते समजले नाही, तर पुढचा प्रयोग करायला हरकत नाही.

प्रत्येक प्रयोगानंतर वहीत पाच ओळी लिहाव्यात : काय केले, कोणत्या भागात वेळ कसा गेला ते कळले नाही, कोणता भाग पुढे ढकलत राहिलो, तपासणारा काय म्हणाला, हेच काम पुन्हा करीन का. सहा महिन्यांनी या नोंदी वाचल्या की आठवणीपेक्षा जास्त खरे चित्र दिसते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली, नवखेपणाचा त्रास आणि नावड. कोणतेही कौशल्य सुरुवातीला चिडचिड आणते, म्हणून पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नये. किती तास देणार ते आधी ठरवावे आणि तेवढे पूर्ण झाल्यावरच ठरवावे. दुसरी, कामाचा त्रास आणि जागेचा त्रास. इंटर्नशिपमध्ये कोणी नीट शिकवले नाही किंवा दिवसभर बसवून ठेवले, तर त्यावरून काम वाईट ठरत नाही. त्या जागी काम करून पाहायलाच मिळालेले नसते.

८. पैसा, घर आणि मुदत

आवडीबद्दल बोलताना हा भाग टाळला तर बाकीचे सगळे पुस्तकी राहते. देशातील अनेक विद्यार्थ्यांच्या मागे शैक्षणिक कर्ज असते, धाकट्या भावंडांचे शिक्षण असते. बहुतेक शैक्षणिक कर्जांत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, पण व्याज वाढत राहते. आपल्या कर्जाच्या अटी कागदावर वाचून हप्त्याचा आकडा काढावा. हा आकडा माहीत नसताना घेतलेला "आवडीचा" निर्णय पुढे घरच्यांच्या अंगावर येतो.

पैशासाठी दुसऱ्या क्षेत्रातील नोकरी घ्यावी लागली, तर त्यात कमीपणा नाही. फक्त तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : या नोकरीतून मी काय शिकणार, पुन्हा कधी विचार करणार आणि तोपर्यंत आवडीच्या कामाशी संबंध कसा ठेवणार. ऑफर स्वीकारण्यापूर्वी बाँडची अट, त्यातील रक्कम, मुदत आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात का, हे विचारावे.

काही दारे वाटते तितक्या लवकर बंद होत नाहीत. गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो आणि ही परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही देता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून, ठरावीक अटींवर, एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली आहे. अनेक संस्थांत जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेत मायनर करता येते. आपल्या संस्थेचे नियम मात्र आधी पाहावेत.

घरच्यांशी बोलताना "मला हे आवडते" एवढेच सांगून भागत नाही. आई-वडिलांची भीती बहुधा कामाबद्दल नसते, तर अनिश्चिततेबद्दल असते. म्हणून पुरावा घेऊन बसावे : मी केलेले हे काम, या क्षेत्रात असलेल्या या दोन व्यक्ती, एवढा खर्च, आणि अमुक महिन्यापर्यंत जमले नाही तर हा दुसरा मार्ग. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी पडते.

९. सोडवलेले उदाहरण

समजा, मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी सहाव्या सत्रात आहे. तिच्यासमोर तीन पर्याय आहेत : आयटी कंपनीची कॅम्पस मुलाखत, सिम्युलेशन आणि गुणवत्ता विभाग. पदवीनंतर वर्षभरात हप्ते सुरू होणार आहेत. मुलीने रात्रपाळी करू नये असे घरच्यांचे म्हणणे आहे.

प्रयोग एक : तिने चार आठवड्यांचा पायथॉनचा अभ्यासक्रम केला. असाइनमेंट जमल्या. अभ्यासक्रम संपल्यावर पुन्हा उघडून बघावेसे वाटले नाही.

प्रयोग दोन : फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका टोकाला जखडलेल्या तुळईचे विश्लेषण केले आणि हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहिले. सिद्धान्त आवडला, पण तासन्‌तास मेश सुधारणे ती पुढे ढकलत राहिली.

प्रयोग तीन : वर्कशॉपमधील ५० बुश मायक्रोमीटरने मोजून मापांचा आलेख काढला. काही मापे एका बाजूला झुकलेली दिसली. कारण शोधताना लेथवरील टूलची झीज लक्षात आली. प्रयोगशाळा सहायकांनी तिचा तक्ता भिंतीवर लावला.

नोंदी गुणवत्तेकडे बोट दाखवतात. पण निर्णय एवढ्यावर होत नाही. दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलल्यावर तिला कळले की लाइनवरील गुणवत्तेत शिफ्ट असते, पुरवठादारांच्या गुणवत्तेत प्रवास असतो, तर मापन प्रयोगशाळेत बरेचदा दिवसाची पाळी असते. म्हणजे "गुणवत्ता" या एका शब्दाखालीही तीन वेगळी आयुष्ये आहेत.

तिने असे ठरवले : उन्हाळ्यात मापन प्रयोगशाळेत इंटर्नशिप. सातव्या सत्रात आयटीची मुलाखत द्यायची आणि ऑफर आली तर बाँड पाहून हाताशी ठेवायची. आठव्या सत्राच्या मध्यापर्यंत गुणवत्तेतील नोकरी किंवा अप्रेंटिसशिप मिळाली आणि हप्ता भरता येईल एवढे उत्पन्न असेल तर ती. नाहीतर आयटीत रुजू व्हायचे आणि दीड वर्षाने पुन्हा विचार करायचा. रात्रपाळीबद्दल घरी सविस्तर बोलायचे, कारण पुढे बढती घेताना हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

हा निर्णय आदर्श नाही. पण त्यात प्रत्येक पायरीला पुरावा आहे, मुदत आहे आणि परतीची वाट आहे. चांगल्या निर्णयाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येत नाही. पहिली नोकरी म्हणजे संपूर्ण आयुष्य नव्हे. तोही एक मोठा, पगार देणारा प्रयोगच आहे आणि त्याच्याही नोंदी ठेवायच्या असतात.

१०. सारांश

• शाखेचे नाव, पदाचे नाव आणि रोजचे काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड कामाची करावी.
• आपण न सांगता काय करतो यावरून आवड ओळखावी. ती कामातून वाढतेही.
• दाखवता येईल, दुसऱ्याने वापरले असेल आणि पुन्हा करता येईल, ते कौशल्य.
• स्वस्त प्रयोग आधी, महाग प्रयोग नंतर. प्रत्येकाची नोंद ठेवावी.
• कर्ज, घर आणि मुदत यांचा हिशेब निर्णयाचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. मागील वर्षभरात कोणीही न सांगता तुम्ही केलेली पाच कामे लिहा. ती हॉलंड यांच्या सहा प्रकारांत बसवा.
२. तुमच्या शाखेतील एका पदाच्या वीस जाहिराती वाचून सर्वाधिक वेळा आलेली पाच क्रियापदे काढा. त्यांपैकी कोणते काम तुम्ही आजवर एकदाही केलेले नाही?
३. त्या कामासाठी दोन दिवसांत आणि शक्यतो विनाखर्च करता येईल असा प्रयोग आखा. तो करा आणि पाच ओळींची नोंद लिहा.
४. तुमच्या बायोडेटातील प्रत्येक कौशल्याला भाग ५ मधील तीन प्रश्न लावा. एकही "हो" नसलेली कौशल्ये खोडा.
५. सोडवलेल्या उदाहरणातील विद्यार्थिनीच्या जागी तुम्ही असता तर कोणती मुदत बदलली असती? कारण लिहा.